तिसरी धार

सकाळी साडेसहाला सुगंधाबाई साळवे नवऱ्याचं दिवसाचं पाणी मोजायच्या. ओट्याच्या कोपऱ्यात अडीचशे मिलीचं काचेचं मोजपात्र होतं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून ते बाद झालं होतं, कारण त्याच्या तोंडाचा टवका उडाला होता. पण अंगावरचे आकडे शाबूत होते. सुगंधाबाई त्याच प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं सहायक. त्यांनी रीतसर अर्ज करून ते मागून घेतलं होतं.

तीन वेळा भरायचं आणि पारदर्शक बाटलीत ओतायचं. साडेसातशे मिली. चहा, गोळ्यांवरचं पाणी, घेतलंच तर ताक, सगळं त्यातच. तीन वर्षांपूर्वी त्रिंबकरावांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. प्यालेलं पाणी अंगातून बाहेर पडायला त्या यंत्राशिवाय दुसरी वाट नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पिण्यालाच माप घालून दिलं होतं.

"उघडलं का रेशन दुकान?" बाहेरच्या खोलीतून त्रिंबकराव विचारायचे.

"उघडलं."

"साखर आलीय का या महिन्याला?"

"तुमचं कार्ड केशरी आहे. तुम्हाला नाही मिळायची."

तीन वर्षं हाच विनोद. त्यातलं हसू केव्हाच संपलं होतं. पण एखाद्या सकाळी राहिला तर दिवस उसवल्यासारखा वाटायचा, म्हणून दोघंही आपापलं वाक्य म्हणून मोकळी व्हायची. मग सुगंधाबाई त्यांच्या डाव्या हातावर, जिथं सुया टोचतात त्या फुगलेल्या शिरेवर, दोन बोटं ठेवून थरथर तपासायच्या. ती थरथर असणं महत्त्वाचं; ती थांबली की त्या शिरेतून डायलिसिस होणार नाही. बसच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक राहिलेले त्रिंबकराव म्हणायचे, "इंजिन चालू आहे मॅडम. बॉडी तेवढी भंगारात काढायची."

दोन हजार सोळाचा एप्रिल होता. दुष्काळ सलग दुसऱ्या वर्षी मुक्कामाला होता. पडेगावला दौलताबाद रोडच्या आत त्यांनी निवृत्तीच्या बेताने बांधलेलं दोन खोल्यांचं घर. भोवती पूर्वी माळ होता, आता प्लॉट पडले होते. प्रत्येक प्लॉटवर पांढऱ्या चुन्याच्या रेघा, प्रत्येक दारात निळे ड्रम, आणि प्रत्येक ड्रमला टँकरची वाट. नळाची लाइन येणार असं चार वर्षं ऐकत होते. खड्डे खणून झाले होते, पाइप तेवढे राहिले होते.

त्या सोमवारी डायलिसिसहून त्रिंबकराव रिक्षानं परत आले. घरी आल्यावर खुर्चीत बसले, चपला काढल्या, आणि म्हणाले, "सुगंधा, बुधवारची प्रार्थना आपल्याकडं आहे ना?"

"आहे."

"ती होऊ दे. गुरुवारी मी जाणार नाही."

"म्हणजे शुक्रवारी विचारू का त्यांना?"

"शुक्रवारी नाही, सोमवारी नाही. आता नाहीच जायचं."

सुगंधाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "दुखतंय का काही?"

"दुखत नाही गं. दुखलं असतं तर गोळी घेतली असती." ते छताकडे बघत होते. "मला तांब्यानं पाणी प्यायचंय. उभ्यानं. नरड्यात घटघट आवाज झाला पाहिजे. एकदा तसं पितो, मग काय व्हायचं ते होऊ दे. तीन वर्षं झाली. रागावू नको, पण आता पुरे."

सुगंधाबाई रागावल्या नाहीत. डायलिसिस थांबलं की किती दिवस, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आठ. फार तर दहा. भरपूर पाणी प्यालं तर त्याहून कमी. त्या आत गेल्या आणि त्यांनी भाताचं आधण ठेवलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

छावणीतल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असायची. ज्या घरी प्रार्थना, त्या घरच्या बाईनं वचन द्यायचं, म्हणजे शास्त्रभागावर दहा मिनिटं बोलायचं, असा महिला मंडळाचा नियम. या वर्षी विषय होता 'देवाचा चांगुलपणा'. तो आशाबाई पंडितांनी ठरवला होता. आशाबाई निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या अध्यक्ष. शाळा सुटून सहा वर्षं झाली तरी आवाज अजून मैदानावरच होता.

सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सलाम सुगंधा! तयारी झाली का? तुला मुद्दाम तेविसावं स्तोत्र ठेवलंय हो. तुझ्यामागं एवढी दगदग, म्हटलं सोपं द्यावं. सगळ्यांना पाठच आहे, तू चुकलीस तरी लोक मनात बरोबर म्हणतील."

"बरं," सुगंधाबाई म्हणाल्या.

"आणि चहाबिहा काही ठेवू नको. ज्यानं त्यानं आपली बाटली आणायची. या वर्षी देवाच्या घरीसुद्धा पाहुण्यानं पाणी मागू नये."

फोन ठेवल्यावर सुगंधाबाई वही घेऊन बसल्या. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. सत्तावीस वर्षं त्या पोरांना एकच गोष्ट शिकवत आल्या होत्या: जे मोजलं नाही ते निरीक्षणाच्या रकान्यात लिहायचं नाही. पुस्तकात उत्तर काय आहे ते माहीत असलं तरी नाही. आणि आता त्यांना नऊ माणसांसमोर, त्यातही एका माणसासमोर, म्हणायचं होतं की काही उणे पडणार नाही.

त्यांनी पानं उलटली. दुसरा एखादा भाग मिळाला तर आशाबाईंना कळवता येईल. एलीया संदेष्ट्याची गोष्ट निघाली. देशात दुष्काळ पडतो. देव एलीयाला एका ओहळाकाठी जाऊन राहायला सांगतो. कावळे भाकरी आणतात, ओहळाचं पाणी असतं. आणि मग काही दिवसांनी तो ओहळ आटतो, कारण देशात पाऊस पडलेला नसतो. बस. एवढंच लिहिलं होतं. देवानंच दाखवलेला ओहळ, आणि तोही आटला. लिहिणाऱ्यानं सारवासारव केली नव्हती. निरीक्षण आणि कारण, एका ओळीत. सुगंधाबाईंना ती ओळ फार प्रामाणिक वाटली. पण चांगुलपणावर बोलायला ती कशी पुरणार?

"काय शोधतेस?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"बुधवारचं."

"सोपंय की. मेंढपाळ, कुरण, पाणी." ते पाणी या शब्दावर जरासे हसले. "संथ पाणी. मला असंथसुद्धा चालेल."

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास टँकर आला. कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षा आटोपल्या होत्या, म्हणून सुगंधाबाई घरीच होत्या. गल्लीतले ड्रम भरून झाले की तळाशी उरलेलं पाणी ड्रायव्हर कडुबाच्या अर्ध्या कापलेल्या ड्रमात सोडायचा. कडुबा धनगर मागच्या अंगाला पत्र्याच्या घरात राहायचा. हा सगळा माळ एकेकाळी त्याच्या मेंढरांचं चराऊ रान. आता चौतीस मेंढरं उरली होती आणि ती प्लॉटच्या चुन्याच्या रेघांवरून वाट काढत जायची. खदानीतलं डबकं रविवारी आटलं होतं, म्हणून दोन दिवस त्यांना पाणी नव्हतं.

पाण्याचा वास आला तशी मेंढरं धावली. एकमेकांच्या पाठीवर चढत, बें बें करत ती त्या ड्रमावर तुटून पडली, आणि कडुबा काठी आडवी धरून मधे उभा राहिला. दुसऱ्या बाजूनं त्याची बायको मुक्ताबाई, तिच्या हातातही काठी. चार-पाच मेंढरं आत सोडायची, तोंडं पाण्याला लागली की थोडा वेळ थांबायचं, आणि मग मानेला धरून, काठीनं रेटून त्यांना बाजूला हाकलायचं. पुढची चार-पाच. हाकललेली परत घुसायची, परत काठी बसायची.

शेजारचे सर्जेराव गच्चीवर उभे होते. गावाकडे वीस एकर जमीन, शहरात नोकरी, आणि दोन्हीकडचं सगळं कळतं असा चेहरा. "अरे ए कडुबा! पिऊ दे की मुक्या जनावराला! पाप लागंल, पाप!"

"लागू द्या सायेब," कडुबा वर न बघता म्हणाला. "आधीचंच लई हाय, त्यात ह्ये एक."

दारापुढच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले त्रिंबकराव मोठ्यानं हसले. सोमवारपासून पहिल्यांदाच असं हसले. मग त्यांनी हाक मारली, "पण का मारतो रे कडुबा? पाणी तर आहे ड्रमात."

"मारीत न्हाय दादा, थोपवतोय. दोन दिसाच्या तहानेवर पोटभर पिली तर मरत्यात."

"पाण्यानं?"

"पाण्यानंच तर." कडुबानं एका दांडग्या नराला रेटा देऊन मागे सारलं. "बारा सालच्या दुष्काळात मला दया आली व्हती. म्हणलं, पिऊ द्यावं, लई वढ काढली बिचाऱ्यांनी. हाटकलंच न्हाय. दिवस बुडायच्या आत अकरा मेंढरं आडवी. माना मागं टाकून, पाय झाडून झाडून गेली. दुष्काळानं न्हाय मारली दादा. माझ्या दयेनं मारली."



"तहान येडी असती," मुक्ताबाई पलीकडून म्हणाली. "तिला कुठं ठावं, कुठं थांबायचं ते."

"मग ही मेंढरं काय म्हणत असतील गं तुम्हाला?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"आया-भैनी काढीत असत्याल, दुसरं काय!" मुक्ताबाईनं पदर खोचला. "मेंढरू ते. त्येला काय कळतंय?"

त्रिंबकराव म्हणाले, "आमच्याकडंही आहे एक काठी. काचेची. टवका उडालेली."

सुगंधाबाई दारात उभ्या होत्या. ते वाक्य कडुबाला कळलं नाही, पण ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे मात्र मोजता येईना.

त्या आत गेल्या, पेलाभर पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी ते कडुबापुढे धरलं. त्याचे ओठ फुटले होते, खालच्या ओठावर रक्ताची बारीक रेघ होती.

"ठिवा तिथं भितीवर," तो म्हणाला. "ह्यांचं होऊ द्या."

"घोटभर घ्या तरी," मुक्ताबाईसुद्धा म्हणाली.

"तू गप. ह्यांचं होऊ दे."

पेला कुंपणाच्या भिंतीवर राहिला. उन्हानं पाणी चमकत होतं. त्रिंबकरावांची नजर त्यावरून हलली नाही. शेवटचं मेंढरू हाकलून, सगळी लिंबाच्या सावलीत बसवून कडुबा परत आला तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. पेला ठेवला तेव्हा चार वीस. सुगंधाबाईंनी घड्याळ पाहिलं होतं, सवयच ती. कडुबानं ते तापलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि पेला उपडा करून भिंतीवर ठेवला.

त्या संध्याकाळी त्रिंबकरावांनी विचारलं, "बाटलीत किती उरलं?"

"साठ."

"राहू दे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गुरुवारबद्दल काही बोलले नाहीत. सुगंधाबाईंनीही विचारलं नाही. रिक्षावाल्या सोमनाथला नेहमीप्रमाणे सांगितलेलं होतं. नको म्हणून फोन करायला त्यांचा हात धजावला नाही.

बुधवारी सहाला माणसं आली. सतरंजीवर नऊ जण, प्रत्येकाच्या मांडीजवळ आपापली पाण्याची बाटली. त्रिंबकरावांसमोर कुणी पाणी पीत नसे. तीन वर्षांत ठरवून न ठरवून पडलेली ही रीत. चढ चढून आलेल्या आशाबाई घामानं डबडबल्या होत्या, पण बाटलीचं झाकण काही उघडेनात.

"प्या हो," त्रिंबकराव म्हणाले. "मला निदान आवाज तरी ऐकू द्या."

"गप बसा तुम्ही," आशाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाटली पिशवीत घातली. "सुगंधा, वचन थोडक्यात घे हं. छावणीत आज साताला पाणी सुटणार आहे. लोकांना परत जाऊन भरायचंय."

गीत झालं, प्रार्थना झाली, स्तोत्र वाचून झालं. सुगंधाबाईंनी वही उघडली. काल रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी त्यात चार परिच्छेद लिहिले होते; नीटस, कुठंही बोट ठेवता येणार नाही असे. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि वही मिटली.

"मला काही उणे पडणार नाही, असं इथं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मी दोन दिवस त्यावर विचार केला. मला ते म्हणता येत नाही. मला पुष्कळ उणं आहे. झोप उणी आहे. पाणी उणं आहे. धीर तर तळाला गेलाय. तुम्ही सगळे चांगली माणसं आहात, म्हणून खोटं सांगत नाही."

कुणीतरी खाकरलं. आशाबाईंनी मान खाली घातली.

"पुढं लिहिलंय, तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. ही काठी मी काल पाहिली. आमच्या मागं कडुबा राहतात, त्यांच्या हातात." त्यांनी टँकरचं, मेंढरांचं, अकरा मेलेल्या मेंढरांचं सगळं सांगितलं. प्रयोग सांगावा तसं, क्रमानं. "त्या मेंढरांना काठीनं धीर आला नव्हता. ती ओरडत होती. त्यांना काही कळलं नाही आणि कळणारही नाही. मीही त्यांच्यातलीच. देव काय थोपवतो आणि का थोपवतो, हे मला कळत नाही. कळतं असं म्हणणाऱ्यांचं मला थोडं भय वाटतं. पण एक गोष्ट मी पाहिली. ज्याच्या हातात काठी होती, तो स्वतः तहानलेला होता. पाणी समोर होतं आणि पंचेचाळीस मिनिटं त्यानं तोंडाला लावलं नाही. प्रभू वधस्तंभावर म्हणाला, 'मला तहान लागली आहे.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. काल पहिल्यांदा मला ते ऐकू आलं. काठी धरणारा तहानलेला आहे, एवढं मी सांगू शकते. याच्यापुढचं मी मोजलेलं नाही."

इथं थांबायला हरकत नव्हती. आशाबाईंनी गीताचं पुस्तक उचललंसुद्धा. पण सुगंधाबाई थांबल्या नाहीत.

"माझ्याही हातात एक काठी आहे," त्या म्हणाल्या आणि आता त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. "डॉक्टरांनी ह्यांना साडेसातशे मिली सांगितलंय. मी सातशे देते. दोन वर्षं दोन महिने झाले. तिसऱ्या वेळेला मी दोनशेवरच थांबते. ह्यांना सांगते साडेसातशे."

बाहेर कुणाच्या तरी ड्रमावर झाकण पडल्याचा आवाज आला.

"पुतण्याच्या लग्नात हे सरबत प्याले, दोन पेले ताक प्याले. दुसऱ्या दिवशी पहाटे ह्यांना आडवं होता येईना, तोंडाला फेस आला. रिक्षात माझं मनगट असं धरलं होतं की आठ दिवस वळ होते. त्या दिवसापासून मी पन्नास काढून ठेवते. भाजीत पाणी असतं, भातात असतं, म्हणून सुरक्षित अंतर ठेवते, असं मी स्वतःला सांगत आले. पण तो हिशेब नव्हता. ती भीती होती. एकोणचाळीस लिटर पाचशे मिली होतात. मी मांडून पाहिलं. विकत घेतो ते दोन जार." त्यांचा आवाज पहिल्यांदाच घसरला. "आणि मी कडुबासारखी नाही. मी स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून पोटभर पाणी पिते. आवाज न करता. म्हणून काठीनं धीर येतो की नाही, हे बोलायचा मला अधिकार नाही."

आशाबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. त्या उठून सुगंधाबाईंजवळ येणार, एवढ्यात खुर्चीतून त्रिंबकराव म्हणाले, "मला ठाऊक होतं."

सुगंधाबाईंनी वर पाहिलं.

"तीस वर्षं इंजिनात ऑइल ओतलंय मी," ते म्हणाले. "पन्नास मिली मला कळणार नाही? मी इथं पडून ऐकत असतो. पहिली धार, दुसरी धार, आणि तिसरी आखूड. लग्नाच्या त्या गोंधळानंतर आखूड झाली. पहिल्याच सकाळी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" त्यांनी खांदे उडवले. "आधी राग आला. महिनाभर होता. मग म्हटलं, ही मोजण्यात चुकणारी बाई नाही. कापते आहे म्हणजे काहीतरी असेल. मला कळलं पाहिजे असं थोडंच आहे?"

आशाबाईंनी गीताचं पुस्तक परत खाली ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "आपण नुसती प्रभूची प्रार्थना म्हणू." ती म्हटली. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीला एकदोघांचा आवाज चिरकला. सात वाजत आले होते. माणसं सलाम करून निघाली. आशाबाई जाताना दारात थांबल्या, सुगंधाबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी तुला सोपं म्हणून दिलं होतं गं." मग पायऱ्या उतरून गेल्या.

सतरंजी झटकून झाल्यावर सुगंधाबाई नवऱ्यासमोर येऊन बसल्या. बाहेर अजून थोडा उजेड होता.

"उद्यापासून तिसरी धार पूर्ण असेल," त्या म्हणाल्या. "आणि उद्याचं तुम्ही ठरवा. सोमनाथ सातला येईल. नको असेल तर मी त्याला परत पाठवीन. तांब्या पाहिजे असेल तर तांब्या देईन. भरून. मी आता थोपवणार नाही. माझ्याच्यानं होत नाही."

त्रिंबकरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "दाराआड पीत जाऊ नको. इथं येऊन पी."

"तुमच्यासमोर?"

"मग काय सर्जेरावच्या गच्चीवर? इथं बसून पी. मला बघू दे."

त्या उठल्या, माठातून पेला भरून आणला आणि त्यांच्या समोर बसून प्याल्या. घोट घशातून उतरताना आवाज झाला. त्रिंबकराव डोळे मिटून ऐकत होते. गुरुवारबद्दल ते त्या संध्याकाळीही काही बोलले नाहीत.

सकाळी साडेसहाला सुगंधाबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. अंग ठणकत होतं. पहिल्यांदा अडीचशे, दुसऱ्यांदा अडीचशे. तिसऱ्यांदा त्यांनी मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं, पाणी रेघेला टेकेपर्यंत थेंब थेंब सोडलं, आणि सगळं बाटलीत ओतलं. ओट्यावर तांब्याही होता. तो त्यांनी घासून, काठोकाठ भरून ठेवला होता. शब्द दिला होता.

बाहेरून आवाज आला नाही. रेशन दुकानाचा नाही, साखरेचा नाही. सुगंधाबाई वाट बघत उभ्या राहिल्या.

मग खुर्ची करकरली. "आज लांबली धार," त्रिंबकराव म्हणाले.

"हो."

ते भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. तांब्याकडे त्यांनी पाहिलं. ते पुढे आले, तांब्यावर तळवा ठेवला आणि पाण्याचा गारवा धातूतून हाताला लागेपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाले, "त्या बाटलीतले ते पन्नास मला वेगळे दे. पेल्यात."

त्यांनी मोजून दिले. पेल्याच्या तळाशी जेमतेम बोटभर पाणी. त्रिंबकराव भिंतीला टेकून उभ्यानं प्याले. तीन घोट झाले, लहान लहान. शेवटचा तोंडात बराच वेळ धरला.

रिक्षाचा हॉर्न वाजला.

"चल," ते म्हणाले. "आज जाऊ. सोमवारचं सोमवारी बघू. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, असं तुमच्या पुस्तकात आहे ना?"

"तुमच्याही आहे," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी तांब्यातलं पाणी परत माठात ओतलं, बाटली पिशवीत घातली आणि दाराला कुलूप लावलं.

सोमनाथनं रिक्षा वळवली. चुन्याच्या रेघांपलीकडे कडुबा मेंढरं सोडत होता. चाऱ्याच्या शोधात आज ती कुठवर जाणार होती कोण जाणे. त्रिंबकरावांनी डावा हात पुढे केला. सुगंधाबाईंनी त्यावर दोन बोटं ठेवली. थरथर होती. खड्ड्यांच्या रस्त्यानं सगळी रिक्षाच हलत होती, म्हणून खात्री करायला त्यांनी बोटं दवाखान्यापर्यंत तशीच राहू दिली.